मुकुंदने बिअर केली तो उन्हाळा

जून लागला की कालव्याकाठच्या वाटेवर एल्डर फुलतो. एल्डर हे इथलं, इंग्लंडमधलं गावठी झुडूप. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी रेल्वेच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागे, जागा मिळेल तिथे वाढतं. बशीएवढे पांढरट तुरे, आणि वास असा की अर्धा मोगऱ्याचा वाटावा आणि अर्धा मांजराने कोपरा खराब केल्याचा. हॉस्पिटलच्या लॅबमधून सुटले की मी त्याच वाटेने घरी चालत येते. लोकांना फुलांच्या वासाने काय काय गोड आठवतं. मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी दर जूनला तितकाच ताजा येतो, आणि मी त्याला येऊ देते.

हा राग ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याचा आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायकोने घरी बिअर केली, फुलांची वाइन केली, मागचं अंगण खणून फरशा घातल्या, आणि तंबू गाडीत टाकून दक्षिणेकडच्या द्राक्षमळ्यांवर राहायला गेलो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजेचा उन्हाळा! होताच मजेचा. म्हणून तर जास्त राग येतो.

मुकुंद माझा नवरा. पुण्याहून आलो तेव्हापासून तो लेस्टरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवत होता. शाळेचं टाइमटेबल तो करायचा, परीक्षांचे पेपर तो काढायचा, कच्च्या पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून अपूर्णांक तोच शिकवायचा. कामं सगळी गणित विभागप्रमुखाची, पद मात्र नाही. आधी एकदा त्या पदासाठी अर्ज केला होता, तेव्हा ‘पुढच्या वेळी नक्की’ असं सांगून पाठीवर हात ठेवला होता. पुढची वेळ आली ती त्या वर्षीच्या मे महिन्यात. आणि पद दिलं कॉलिनला.

कॉलिन तरुण होता, ट्रेनिंग संपवून थेट याच शाळेत आला होता. पहिल्या वर्षी त्याच्या वर्गात पोरं बाकं वाजवायची, तेव्हा मुकुंद आपला मोकळा तास सोडून त्याच्या वर्गात मागे जाऊन बसायचा. कॉलिन वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते. वाईट माणसावर रागावणं फार सोपं असतं.

त्या संध्याकाळी मुकुंद भात लावत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, “नाही झालं.”

“काय नाही झालं?”

“हेडचं. कॉलिनला दिलं.”

“कारण?”

“हेडमास्तर म्हणाले, पेरेंट्सना रिलेट करता यायला हवं.”

“कुठल्या पेरेंट्सना?” मी विचारलं. त्या शाळेतली निम्मी पोरं बेलग्रेव्ह रोडच्या बाजूची, पटेल आणि सोळंकी आणि सिंग. त्यांच्या आया मुकुंदशी भर रस्त्यात गुजराती-हिंदीत बोलायच्या, मंदिरातला प्रसाद हातावर ठेवायच्या. त्यांना मुकुंदशी रिलेट करता येत नाही आणि कॉलिनशी येतं?

“हरकत नाही गं,” मुकुंद म्हणाला. “निदान मीटिंगा वाचल्या.”

“हरकत आहे. युनियनकडे जा. लेखी कारण माग.”

“नीला, गॅस बारीक कर. भात करपेल.”

त्याच्या पुढच्या शनिवारी तो बाजारातून एक मोठी पांढरी झाकणाची बादली, काळ्या माल्टचा डबा आणि रबरी नळी घेऊन आला. माल्ट म्हणजे थेट काकवीच, तसाच दाट, तसाच चमच्याला चिकटून बसणारा. “आपण बिअर करू,” तो म्हणाला. माझ्या माहेरी-सासरी दोन्हीकडे दारू हा शब्द हळू आवाजात उच्चारायचा, आणि हा माणूस स्वयंपाकघरात बादली धुवत उभा! मी हसले. मग स्वतःचाच राग आला, की मला हसू कसं आलं.

यीस्ट हा माझा प्रांत. लॅबमध्ये मी दिवसभर जंतू वाढवते आणि मोजते, त्यामुळे काय उकळायचं, काय झाकायचं, कधी थांबायचं हे मी सांगायची आणि तो करायचा. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट घरात सगळ्यात उबदार, धुतलेले कपडेही तिथेच ठेवायचे. तिथे आतापर्यंत माझं दही लागायचं आणि इडलीचं पीठ फुगायचं. आता बादली शिरली. सगळ्या घराला पावाच्या बेकरीसारखा वास सुटला. टॉवेलांना बिअरचा वास, आमच्या मुलीच्या, केतकीच्या शाळेच्या युनिफॉर्मला बिअरचा वास. शेजारचा रॉन, होजिअरीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, कुंपणावरून डोकावून सल्ले द्यायचा. “घाई करू नकोस, मी डक,” असं मला म्हणायचा; ‘मी डक’ म्हणजे ‘माझं बदक’, इथली लाडाची हाक. एल्डरची फुलं कुठे तोडायची तेही त्यानेच दाखवलं. पिशव्या भरभरून तुरे आणले, किडे झटकले, लिंबाच्या साली आणि साखर घालून वाइनसाठी भिजत ठेवले. 

जुलैत केतकी सुट्टीसाठी पुण्याला आजी-आजोबांकडे गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. लग्नानंतर पहिल्यांदा इतके दिवस दोघंच. शाळेला सुट्टी लागल्यावर मुकुंदने मागचं अंगण खणायला घेतलं. जुनी झुडपं मुळासकट उपटली, माती गाड्यांनी वाहिली, वाळू पसरली, आणि एकेक सिमेंटची फरशी पाणसळ लावून बसवायला लागला. घराकडे पाणी येऊ नये म्हणून त्याने उताराचा हिशेब कागदावर मांडला होता. मी कामावरून यायची तेव्हा तो गुडघ्यांवर बसलेला असायचा, मान उन्हाने काळवंडलेली, रबरी हातोड्याने फरशी ठोकत. रात्री दहा वाजेपर्यंत उजेड. उलट्या क्रेटवर बसून आम्ही आमची बिअर प्यायचो. पहिली गढूळ होती, दुसरी चांगली जमली. तो काही तरी मजेशीर सांगायचा, आणि मला वाटायचं, किती छान आहे हे सगळं. मग त्याच्या हातांकडे लक्ष जायचं. ज्या माणसाला अंगणाच्या उताराचाही इतका विचार करावासा वाटतो, त्याला एक विभाग देववत नाही यांना?

मी विषय काढायची. बिअर भरताना नळी बाटलीत धरलेली असायची, वर बादली, खाली आम्ही.

“हेडमास्तरांना लिहिलंस का काही?”

“नळी जरा वर धर.”

“मुकुंद.”

“सांडतंय बघ, नीला.”

असा तो उन्हाळा. माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून तो माझ्या हातात एखादी वस्तू द्यायचा.

मग द्राक्षमळ्यांचं वेड लागलं. इंग्लंडमध्ये द्राक्षं होतात यावर तेव्हा इंग्लिश माणसांचाही विश्वास नव्हता. पण केंटमध्ये, ससेक्समध्ये काही हौशी लोकांनी टेकड्यांच्या उतारांवर वेली लावल्या होत्या आणि गुरांच्या जुन्या गोठ्यांत वाइन करायला लागले होते. खालच्या कुरणात तंबू ठोकायला परवानगी असायची. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, स्टोव्ह, पिठलं-भाकरीचं सामान आणि लसणाची चटणी घेऊन. सकाळी तंबूची चेन उघडली की समोर वेलींच्या रांगा, पानांवर दव, मण्यांएवढी हिरवी आंबट द्राक्षं. वाइन तशीच आंबट. मुकुंद मात्र प्रत्येक घोट तोंडात घोळवून मालकाला मनापासून प्रश्न विचारायचा.

केंटमधल्या मळ्यावर आम्ही गाडीतून उतरतो तोच गमबूट घातलेली मालकीणबाई लगबगीने पुढे आली. “पिकिंगला आलात? खूपच लवकर आलात, द्राक्षं ऑक्टोबरशिवाय तयार नाहीत. आणि पिकर्सचं गेट मागच्या बाजूला आहे.”

मी गाडीच्या दाराशीच थिजले. मुकुंद हसून म्हणाला, “मग आम्ही खरंच लवकर आलो. तोवर तंबूत राहू. बुकिंग केलंय, कुलकर्णी नावाने.”

बाई लालबुंद झाली. दोन दिवस ती आम्हाला जरा जास्तच वाइन ओतत होती. मुकुंद प्रत्येक ग्लासाला थँक यू म्हणत होता. रात्री तंबूत मी म्हटलं, “तिने आपल्याला मजूर समजलं.”

“मजूर असण्यात काय वाईट आहे?”

“काहीच नाही. पण तिने विचारलंही नाही.”

“विचारलंच की. पिकिंगला आलात का, असं.”

हा त्याचा समजूतदारपणा! त्यावर कुठेही बोट ठेवता यायचं नाही. प्रत्येक माणसाची बाजू त्याच्याकडे तयार असायची, फक्त आपली स्वतःची नसायची. मी दुसऱ्या कुशीवर वळले आणि बराच वेळ तंबूच्या कापडावरून ठिबकणारं दव ऐकत पडले.

ऑगस्टच्या शेवटी अंगण पूर्ण झालं. खरोखर सुंदर झालं. मुकुंद म्हणाला, “स्टाफला बोलावू या. हेडमास्तर, कॉलिन, सगळे.”

“मी त्यांच्यासाठी भजी तळणार नाही.”

“मी तळेन.”

आणि तळली त्याने. कांदाभजी, बटाटाभजी, हिरवी चटणी. माणसं आली, हातात ग्लास, फरशांवर कौतुकाने पाय आपटून बघणारी. बिअर सगळ्यांना आवडली. हेडमास्तर तिसरा ग्लास उंच धरून मोठ्याने म्हणाले, “मुकुंद, यू हॅव मिस्ड युअर व्होकेशन!” खरा पेशा हुकला रे तुझा, असं. सगळे हसले. मुकुंदही हसला. त्याचं ते हसू मी अजून विसरलेली नाही. ओठ हसत होते आणि हात एप्रनला पुसत होता, पुसत होता.

तेवढ्यावर कदाचित मी गप्प राहिले असते. पण कॉलिन त्याच्याजवळ आला आणि अगदी सहज, मित्रासारखा म्हणाला, “मुकुंद, टाइमटेबलचं काय करू रे? मला काही ते जमत नाही. दर वर्षीसारखं तूच करशील का?”

“हो, घेऊन ये ना,” मुकुंद म्हणाला.

माझ्या हातात बिअरचा जग होता. तो मी टेबलावर ठेवला. “नाही,” मी इंग्रजीत म्हटलं, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला. “तो करणार नाही. ते विभागप्रमुखाचं काम आहे. आणि हेडमास्तर, त्याचा पेशा हुकलेला नाही. तो तुमच्यासमोर उभा आहे. तुम्हाला दोनदा दिसला नाही.”

भजीच्या कढईचा आवाज तेवढा येत राहिला. कुणीतरी घड्याळ बघितलं. कॉलिन ग्लासात बघत होता, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. हेडमास्तर म्हणाले, “वेल,” आणि खिशात गाडीच्या किल्ल्या चाचपल्या. हळूहळू सगळे गेले. जाताना प्रत्येकाने मुकुंदचा हात हातात घेतला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मुकुंद रागावला. बारा महिने तेरा काळ शांत असणारा माझा नवरा अखेर रागावला, आणि रागावला तो माझ्यावर! तो ओरडला नाही. ग्लास धुतले, पुसले, जागेवर ठेवले आणि बोलणं बंद केलं. बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला सॉमरसेटमधल्या एका मळ्यावर जायचं आधीच ठरलं होतं. ते रद्द करायचं तर त्यासाठी बोलावं लागलं असतं, म्हणून आम्ही गेलो. एवढ्या लांबच्या रस्त्यात “टोस्ट हवाय?” आणि “नको,” एवढंच संभाषण.

तिथे पाऊस लागला. सकाळी थांबला तेव्हा सगळं कुरण चिखल झालेलं. मुकुंद तंबूच्या खुंट्या उपटत होता. एक खुंटी निघेना. मी म्हटलं, “मी ओढू का?”

“तू काही करू नकोस!” तो एवढ्या जोरात ओरडला की वेलींमधून पक्षी उडाले. “तू जे करायचं ते केलंस. तुला काय वाटतं, मला कळत नाही? मला दिसत नाही ते काय करतात? त्या स्टाफरूममध्ये मी एकटा आहे, नीला. मी एकदा आवाज चढवला की संपलं, मग पुढची वीस वर्षं मी ‘तो चिडका इंडियन’. तू बोललीस आणि मोकळी झालीस. शाळा उघडली की तिथे मला जाऊन बसायचंय.”

“मी मोकळी झालेले नाही.”

“मग कशाला बोललीस?”

“तू बोलत नव्हतास म्हणून! तिथे नाही, तर नाही. घरीसुद्धा नाही. हरकत नाही, असू दे, नळी वर धर. सगळा उन्हाळा तू मला बिअर पाजलीस, फरशा दाखवल्यास, आणि हे एवढं एकदाही सांगितलं नाहीस. मी काय तुझी स्टाफरूम आहे?”

त्याने खुंटी सोडली. मग ओल्या गवतात मटकन बसला. पँट पार भिजली असणार. पलीकडच्या तंबूतलं एक जोडपं चहाचे कप घेऊन आमच्याकडे बघत होतं, मग त्यांनी सभ्यपणे तोंडं फिरवली.

“मी त्याला शिकवलं गं,” मुकुंद म्हणाला. “वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर कसं लिहायचं, ते सुद्धा मी शिकवलं त्याला.”

मी त्याच्या शेजारी चिखलात बसले. तो रडत होता आणि मला त्याला जवळ घ्यायचं होतं, घेतलंही, पण खरं सांगते, त्या वेळीही मनात माया कमी आणि संतापच जास्त होता. एका चांगल्या माणसाला त्यांनी असं चिखलात आणून बसवलं होतं. त्याने कष्टाने मिळवलेला समजूतदारपणा त्यांना किती सोयीचा होता! तो चिडत नाही, म्हणून त्याला वाट्टेल तितकं थांबवता येतं.

सप्टेंबरात कॉलिन टाइमटेबलचे कागद घेऊन घरी आला. मुकुंदने दार उघडलं. मी जिन्यात उभी होते, मुद्दामच. “हे तुझं काम आहे, कॉलिन,” मुकुंद म्हणाला. “अडलं तर विचार, सांगेन. पण करायचं तुलाच.” कॉलिन कागद परत पिशवीत घालून गेला. दार लावून मुकुंद सरळ स्वयंपाकघरात भांडी घासायला गेला.

त्या वर्षी शाळेत गोंधळ झाला, एका खोलीत दोन वर्ग येऊन धडकले. आणि स्टाफरूममध्ये बोललं काय गेलं, तर मुकुंद हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही. टीम प्लेयर नाही. इतकी वर्षं फुकट ओझं वाहिलं तेव्हा त्याला टीममध्ये कुणी धरलं नव्हतं, ओझं खाली ठेवल्यावर धरलं! अजून काही वर्षं त्याने तिथे काढली. अर्ज करत राहिला, इंटरव्ह्यू देत राहिला. शेवटी नॉटिंगहॅमच्या एका शाळेने त्याला विभागप्रमुख केलं, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. आता रोज तिकडे गाडीने जातो-येतो. तिथली पोरं दांडगट आहेत, तो खूष आहे.

मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या बायका म्हणतात, “नीला, शेवटी चांगलंच झालं ना?” झालं. पण मधली वर्षं कुणाची होती? ती चाळिशीतल्या, ऐन उमेदीतल्या एका शिक्षकाची होती, आणि ती त्याला परत कुणी दिली नाहीत. शेवट गोड म्हणून मी आधीचं गिळून टाकावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. हेडमास्तर मानाने रिटायर झाले. ते सुपरमार्केटमध्ये दिसले की मी दुसऱ्या रांगेत जाते, तोंड चुकवायला म्हणून जात नाही, तोंडाला येईल ते बोलायला नको म्हणून.

मागच्या रविवारी केतकी लीड्सहून घरी आली होती. युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष. जेवताना तिने जाहीर केलं की तिला टीचर ट्रेनिंगला जायचंय, गणिताच्या. मुकुंदचा चेहरा उजळला. मी विचारलं, कुठली शाळा, कोण लोक, नीट चौकशी केलीस का, तर ती वैतागली. तिचं मराठी आमच्यासाठी राखून ठेवलेलं, मोडकंतोडकं आणि गोड.

“आई, तू नेहमी एवढी अँग्री का असते? बाबा बघ. बाबाला कधीच राग नाही आली. मला बाबासारखी टीचर व्हायचंय. कूल.”

मी काही म्हणणार तेवढ्यात मुकुंदने चमचा खाली ठेवला.

“मी कूल नव्हतो गं,” तो म्हणाला. “घाबरलेला होतो.”

केतकीला वाटलं तो गंमत करतोय. ती हसली, मग त्याच्याकडे बघून थांबली. “कुणाला?”

आणि मुकुंदने तिला सांगायला सुरुवात केली. पहिल्या अर्जापासून, पाठीवर ठेवलेल्या हातापासून. हेडमास्तरांचं नाव घेऊन, त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून. हे सगळं ती अकरा वर्षांची असताना, त्यातलं बरंचसं ती पुण्यात आजीच्या हातच्या पुरणपोळ्या खात असताना घडलं होतं, आणि आम्ही तिला यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. एका जागी मी मध्ये बोलायला गेले, तर तो म्हणाला, “थांब, मला सांगू दे.” मी थांबले. केतकी घास हातात धरून ऐकत होती. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, मी सॉमरसेटमध्ये ऐकला होता त्याहूनही वर. त्याने टेबलावर हात आपटला, वाट्या खणखणल्या. बागेकडची खिडकी उघडी होती, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या अंगणात बसलेले होते. केतकीने एकदा खिडकीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकी लावायला उठले नाही.